अदृश्यांची गणती

जी वस्तु आपण प्रत्यक्ष मोजलेली नाहीं आणि मोजूंहि शकत नाहीं, तिची संख्या सांगण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? प्रश्न वरवर पाहतां गणिताचा दिसतो. परंतु थोडा विचार केल्यास तो नीतीचा आहे असें आढळून येईल. व्यवहारांत आपण 'मोजून सांगितलेलें' आणि 'अंदाजानें सांगितलेलें' असे विधानांचे दोन वर्ग करितों. पहिल्यास सत्याचा मान देतों आणि दुसऱ्याकडे थोड्या उपेक्षेनें पाहतों. पेढीवर रुपये मोजून घ्यावे लागतात, तेथें अंदाज चालत नाहीं, हें खरें. पण अरण्यांतील वाघ, समुद्रांतील मासे किंवा आकाशांतून जाणारे पक्षी यांस हाच नियम लावूं गेल्यास एक तर आपणांस मुकाट्यानें बसावें लागेल, नाहीं तर न मोजलेलें मोजलें म्हणून सांगावें लागेल. पहिल्या मार्गानें अज्ञान कायम राहतें. दुसऱ्यानें असत्य पदरीं येतें. या दोहोंखेरीज तिसरा एक मार्ग आहे, आणि तो शिकण्यास जितकें गणित लागतें, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, मनाचा सरळपणा लागतो, असें आमचें मत आहे. तेंच येथें मांडावयाचें आहे.

महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान वाचकांस परिचित असेलच. बाहुकाच्या वेषांतील नल ऋतुपर्ण राजाचा रथ हांकीत असतां वाटेंत बेहड्याचें झाड लागतें. ऋतुपर्ण त्याकडे पाहून सांगतो कीं, याच्या दोन फांद्यांवर ५ कोटि पानें आणि २०९५ फळें आहेत. नलाचा विश्वास बसत नाहीं. तो रथ थांबवितो, झाड तोडतो, फळें मोजून पाहतो. आणि संख्या बरोबर जमते. पुढें तो ऋतुपर्णापासून ही विद्या शिकून घेतो व त्याच्या अंगांतून कलि बाहेर पडतो. कथेंतील चमत्काराचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट विचार करण्यासारखी उरते. नलास खात्री करून घेण्यासाठीं झाड तोडावें लागलें. ऋतुपर्णाचें ज्ञान झाड उभें असतांना झालेलें होतें. जिवंत वस्तूंच्या बाबतींत संपूर्ण मोजणी ही पुष्कळदां त्या वस्तूंच्या नाशावांचून होत नाहीं. तळ्यांतील सारे मासे मोजावयाचे, तर तळें उपसावें लागेल; आणि मोजणी पुरी होईल तेव्हां मोजावयास मासेच उरणार नाहींत. म्हणून झाड न तोडतां जें कळूं शकतें तें किती व कितपत भरंवशाचें, हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे.

वन्य प्राण्यांची संख्या काढूं पाहणाऱ्यापुढें दोन अडचणी असतात. पहिली अशी कीं, सर्व अरण्य त्यास पाहतां येत नाहीं. कांहीं भाग निवडून त्यावरून सर्वांचें अनुमान करावें लागतें. ही अडचण आपल्याकडील स्थालीपुलाकन्यायानें सुटण्यासारखी आहे. मात्र शिताची परीक्षा करून भात शिजला कीं नाहीं हें ठरवितांना भांडें सारखें ढवळलेलें असावें लागतें. अरण्य तसें ढवळलेलें नसतें. पाण्याकांठीं प्राणी दाट, उघड्या माळावर विरळ. म्हणून कोणतें शीत उचलावें हें हाताच्या मर्जीवर न सोडतां चिठ्ठ्या टाकून ठरविणें भाग पडतें, कारण हात नेहमीं सोयीच्या शिताकडे जातो. जो केवळ मोटार जाईल तेवढेंच रान पाहतो, तो रानाची नव्हे, रस्त्याची माहिती गोळा करितो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. जो भाग निवडला त्यांत असलेले प्राणीहि सर्वच्या सर्व दिसत नाहींत. झाडी, अंधार, वाऱ्याची दिशा, पाहणाऱ्याचा थकवा, आणि प्राण्याची स्वतःची सावधगिरी, यांतून गाळून जें उरतें तेंच दृष्टीस पडतें. नवशिक्यास वीस चितळ दिसले म्हणजे तेथें वीसच चितळ आहेत असें तो समजतो. त्यास प्रथम हें शिकावें लागतें कीं, हाती आलेली संख्या दोन गोष्टींचा गुणाकार असते: प्राणी किती आहेत, आणि असलेल्यांपैकीं कितवा हिस्सा आपल्या नजरेस येतो. दुसरी राशि ठाऊक नसतां पहिली काढूं पाहणें हें तराजूचें वजन माहीत नसतां धान्य तोलण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत मेळघाट, ताडोबा इत्यादि अरण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून प्राणी टिपण्याची प्रथा आहे. ऐन उन्हाळ्यांत पाणी थोड्याच ठिकाणीं उरलेलें असतें आणि चांदणें लख्ख असतें; त्यामुळें या रात्रीं प्राणी दिसतील ही अपेक्षा रास्त आहे. रात्रभर न बोलतां, न हालतां बसलेल्या मनुष्यास अरण्याची जी ओळख होते, तिची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्या रात्रीची बेरीज म्हणजे अरण्यांतील प्राण्यांची संख्या नव्हे. एखादा गवा दोन पाणवठ्यांवर दोनदां टिपला गेला असेल. एखादें अस्वल दिवसाच पाणी पिऊन गेलें असेल आणि रात्रीं फिरकलेंच नसेल. किती दुबार आले आणि किती मुळींच आले नाहींत, हें नोंदवहीवरून कळावयास मार्ग नाहीं. ती बेरीज त्या रात्रीं पाणी प्यावयास आलेल्यांची आहे, आणि तशीच ती सांगितली म्हणजे तींत कांहीं खोटें नाहीं. खोटेपणा येतो तो नांव बदलल्यानें.

येथें आपल्या जुन्या शास्त्रकारांची आठवण होणें स्वाभाविक आहे. एखादी वस्तु नाहीं हें आपणांस कशानें कळतें, या प्रश्नाचा त्यांनीं फार बारीक ऊहापोह केलेला आहे. कुमारिलभट्टाच्या परंपरेंतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनीं त्यासाठीं 'अनुपलब्धि' हें स्वतंत्र प्रमाण मानिलें. नैयायिकांनीं तें स्वतंत्र मानिलें नाहीं, तरी अभावाच्या ज्ञानास तिचें साहाय्य लागतें हें त्यांनाहि मान्य होतें. परंतु नुसती अनुपलब्धि पुरत नाहीं. ती 'योग्य' असली पाहिजे. जमिनीवर घट नाहीं असें म्हणण्याचा अधिकार मला केव्हां? जर उजेड असेल, माझे डोळे उघडे असतील, आणि घट असता तर तो मला दिसलाच असता, तर. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आणि पिशाच कधींच दिसण्याजोगें नसल्यामुळें तें दिसलें नाहीं एवढ्यावरून त्याचा अभाव सिद्ध होत नाहीं. वनांतील वाघ या दोहोंमध्यें कोठें तरी आहे. तो घटासारखा नेहमीं दिसणारा नाहीं आणि पिशाचासारखा कधींच न दिसणारा नाहीं. तो कधीं कधीं दिसतो. म्हणून प्राचीनांचा 'योग्य कीं अयोग्य' हा प्रश्न येथें 'कितपत योग्य' असा विचारावा लागतो, आणि त्याचें उत्तर अपूर्णांकांत द्यावें लागतें. आधुनिक प्राणिगणनेचें सारें शास्त्र या एका अपूर्णांकाभोंवतीं फिरतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हा अपूर्णांक काढण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. चितळ, सांबर इत्यादि प्राण्यांसाठीं अरण्यांत सरळ रेषा आंखून तिच्यावरून चालत जातात आणि दिसलेला प्रत्येक कळप त्या रेषेपासून किती अंतरावर होता हें टिपतात. रेषेवर उभा असलेला प्राणी चुकत नाहीं असें धरलें, तर अंतर वाढतें तसतसे दिसणारे प्राणी ज्या प्रमाणांत कमी होत जातात, त्या प्रमाणावरूनच न दिसलेले किती असतील याचा हिशेब मांडतां येतो. दुसरी रीति खुणेची आहे. १८९६ सालीं पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञानें लिमफ्योर्डमधील माशांच्या अभ्यासांत खुणा केलेल्या माशांचा उपयोग केला. १९३० सालीं लिंकन या अमेरिकन गृहस्थानें रानबदकांच्या पायांत घातलेल्या कड्यांवरून त्यांच्या एकंदर संख्येचा अंदाज बांधला. त्यांच्याहि आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, लाप्लासनें निवडक गांवांतील जन्म आणि लोकसंख्या यांचें प्रमाण काढून त्यावरून सर्व फ्रान्सची लोकसंख्या अजमावली होती; आणि विशेष हें कीं, आपली चूक किती असण्याचा संभव आहे हेंहि त्यानें हिशेब करून सांगितलें होतें.

खुणेच्या रीतीचें मर्म एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, अरण्यांत स्वयंचलित कॅमेरे लावले आणि पहिल्या फेरींत २० निरनिराळ्या वाघांचीं चित्रें मिळालीं. वाघाच्या अंगावरील पट्टे मनुष्याच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येकाचे वेगळे असल्यामुळें निराळी खूण करावी लागत नाहीं. दुसऱ्या फेरींत २५ वाघ मिळाले आणि त्यांतील १० आधींच ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीच्या वाघांत ओळखीच्यांचें प्रमाण पांचांत दोन पडलें. हेंच प्रमाण साऱ्या अरण्यांतहि असेल असें धरल्यास, आपल्या ओळखीचे पहिले २० हे एकंदर वाघांच्या दोन पंचमांश ठरतात. यावरून एकंदर संख्या ५० होते. दोन्ही फेऱ्या मिळून पाहिलेले वाघ ३५ आहेत. उरलेल्या १५ वाघांचें चित्र कोणत्याहि कॅमेऱ्यांत आलेलें नाहीं. तरी ते आहेत असें आपण म्हणतों. हें धाडस आपणांस कोणी दिलें? पुन्हां भेटलेल्या त्या दहा वाघांनीं. त्यांनीं आपणांस जग किती मोठें आहे हें सांगितलें नाहीं. आपली नजर किती तोकडी आहे तेवढें सांगितलें. ती तोकडी नजर मापतां आली, म्हणूनच तिच्यापलीकडचें कांहीं बोलतां आलें. स्वतःच्या उणीवेचें माप घेणें हीच येथें ज्ञानाची पहिली पायरी आहे, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानेंहि ध्यानांत धरण्यासारखी आहे.

अर्थात् या सर्व हिशेबांत 'असें धरलें तर' हे शब्द पदोपदीं येतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळांत वाघ मेले नाहींत किंवा बाहेरून आले नाहींत असें धरावें लागतें. प्रत्येक वाघ सांपडण्याचा संभव सारखा आहे असें धरावें लागतें. वस्तुतः कांहीं वाघ धीट, कांहीं बुजरे असतात. धीट वाघ दोन्ही फेऱ्यांत पुढें येतात. त्यामुळें ओळखीच्यांचें प्रमाण फुगतें आणि एकंदर संख्या खऱ्याहून कमी निघते. अशा गृहीत गोष्टींची यादी उत्तराबरोबर द्यावयाची असते. गणित चुकत नाहीं. चुकतें तें गणिताच्या आधीं धरून चाललेलें.

याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील प्रवासी पारव्यांचें आहे. अलेक्झांडर विल्सन या पक्षिशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या पारव्यांचा एक प्रचंड थवा पाहिला आणि त्याची संख्या २,२३,०२,७२,००० अशी काढली. थवा एक मैल रुंद, मिनिटास एक मैल असा त्याचा वेग, आणि चार तास तो डोक्यावरून जात होता. म्हणून लांबी २४० मैल. प्रत्येक चौरस वारांत तीन पारवे धरून त्यानें गुणाकार केला. वाचकांनीं तो पुन्हां करून पाहावा. एक अंकहि चुकलेला आढळणार नाहीं. पण चौरस वारांत तीनांऐवजीं दोन पारवे धरले, तर सत्तर कोटींहून अधिक पक्षी एकदम नाहींसे होतात! हजारापर्यंत नेमका दिसणारा आंकडा एका 'तीन' या शब्दावर उभा होता. विल्सननें आपला हिशेब पायरीपायरीनें लिहून ठेवला, म्हणूनच आज आपणांस त्यांतील कच्चा दगड दाखवितां येतो. हा त्याचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. पुढें त्या जातीचें काय झालें हें प्रसिद्धच आहे. १९१४ च्या सप्टेंबर महिन्यांत सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत तिची शेवटची मादी मेली. अगणित वाटणारी गोष्ट संपूं शकत नाहीं, हा समज किती घातक आहे तें त्यावरून दिसून येतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९७२ सालीं भारतांत वाघांची पहिली देशव्यापी गणना झाली आणि १८२७ हा आंकडा निघाला; पुढील सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला व आरंभींच्या नऊ क्षेत्रांत आपल्या मेळघाटाचा समावेश झाला. ही गणना पाऊलठशांवरून करीत. ओडिशांतील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनीं ही पद्धति बसविली. वनरक्षकांनीं रानवाटांवर हिंडून वाघाच्या पावलाचा ठसा शोधावा, त्यावर कांच ठेवून आकार उतरून घ्यावा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढावा, आणि सर्व ठसे एकत्र करून त्यांतून निरनिराळे वाघ किती हें ओळखावें, अशी तिची रूपरेषा होती. साधनें नसलेल्या काळांत पायीं हिंडणाऱ्या हजारों माणसांना तिनें रानांत नेलें, हें तिचें श्रेय कोणीहि नाकारूं नये. पण तिच्या पोटांत दोन गृहीतें होतीं: एक, कोणताहि वाघ ठसा सांपडल्यावांचून राहत नाहीं, दुसरें, ठसा पाहून वाघ अचूक ओळखतां येतो. ओल्या मातींत, वाळूंत व धुळींत एकाच पावलाचे ठसे निरनिराळे उमटतात. आणि खडकाळ रानांत ते उमटतच नाहींत. उल्लास कारंत यांच्यासारख्या अभ्यासकांनीं ही उणीव वारंवार दाखवून दिली आणि नागरहोळेच्या अरण्यांत कॅमेऱ्यांच्या साहाय्यानें खुणेची रीति वाघांस लावून दाखविली. परंतु सरकारी दप्तराची घडी इतक्यानें मोडली नाहीं.

ती मोडली सारिस्का येथें. राजस्थानांतील या राखीव अरण्यांत २००४ सालीं १६ ते १८ वाघ असल्याचें दप्तर सांगत होतें. त्यापूर्वींच्या वर्षांत तर ही संख्या पंचविसाच्या आसपास स्थिर राहिलेली होती. त्याच काळांत क्षेत्रावरील कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष दिसलेल्या वाघांच्या नोंदी उतरत उतरत शून्याजवळ आल्या होत्या. २००५ च्या आरंभीं कसून शोध झाला, तेव्हां तेथें एकहि वाघ उरलेला नाहीं असें उघडकीस आलें. चोरट्या शिकाऱ्यांनीं ते केव्हांच संपविले होते. त्या वर्षीं सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं व्याघ्र कृतिदल नेमण्यांत आलें आणि गणनेची पद्धतीच बदलावी असें ठरलें.

या प्रकरणांत दोष कोणाचा? सारा दोष एखाद्या लबाड कारकुनाच्या माथीं मारणें सोपें आहे. पण आमच्या मतें तें पुरेसें नाहीं. ज्याची नेमणूक वाघ राखण्यासाठीं, त्याच्याचकडे वाघ मोजण्याचें काम. आणि वाघ कमी झाले तर जाब त्यासच. अशा स्थितींत गेल्या वर्षीं २६ होते तर यंदा २५ लिहावे, एवढ्यापुरतें मन वांकविण्यास फारसा दुष्टपणा लागत नाहीं. शिवाय त्या पद्धतींत चुकीला जागाच ठेवलेली नव्हती. 'पंचवीस' म्हणजे पंचवीस. 'पंचविसांत दहा इकडे किंवा दहा तिकडे' असें म्हणण्याची सोय नव्हती. ज्या विधानांत चुकीचा संभव कबूल केलेला नसतो, तें विधान सुधारण्याचीहि वाट बंद होते. कारण पहिली दुरुस्ती हीच पहिली बदनामी ठरते. याप्रमाणें शंकेस स्थान न देणारी प्रामाणिक पद्धतिसुद्धां हळूहळू माणसांस अप्रामाणिक करूं शकते. सारिस्का येथें वाघ बंदुकांनीं व सापळ्यांनीं मेले. पण ते मेल्याचें कळलें नाहीं तें या खात्रीमुळें.

२००६ सालच्या नव्या गणनेंत देशांतील वाघांची संख्या १४११ निघाली, आणि ती ११६५ ते १६५७ यांच्या दरम्यान असावी असें बरोबरच सांगण्यांत आलें. जुन्या पद्धतीनें २००२ सालीं काढलेला आंकडा ३६४२ होता. अनेकांनीं तेव्हां एकांतून दुसरा वजा करून इतके वाघ मेले असा आक्रोश केला. तो हिशेब बरोबर नव्हता. दोन निरनिराळ्या मापांनीं मोजलेल्या राशींची वजाबाकी होत नाहीं. पण त्या लहान आंकड्यानें देशाला जी जाग आणली, ती मोठ्या आंकड्यानें इतक्या वर्षांत आणली नव्हती. पुढें दर चार वर्षांनीं गणना होत गेली. २०१८ सालीं २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावून २४६१ वाघ चित्रावरून प्रत्यक्ष ओळखले गेले आणि एकंदर संख्येचा अंदाज २९६७ असा करण्यांत आला. ही पद्धतीहि निर्दोष नाहीं. पाऊलखुणा व विष्ठा यांच्या नोंदींचा कॅमेऱ्याच्या आंकड्यांशीं संबंध जोडून इतर प्रदेशांची संख्या काढण्यावर २०१५ सालीं अभ्यासकांनीं गंभीर आक्षेप घेतले. पण येथें आक्षेप घेतां येतो, कारण पायऱ्या लिहून ठेवलेल्या आहेत. ही प्रगति लहान नव्हे.

तथापि एक जुनी खोड अजून गेलेली नाहीं. २०२२ च्या गणनेचे तीन आंकडे आहेत: किमान ३१६७, मधला ३६८२, कमाल ३९२५. व्याख्यानांत व जाहिरातींत मधला तेवढा ऐकूं येतो; मागचा आणि पुढचा अहवालाच्या पानांत राहतात. भारतीय युद्धांत युधिष्ठिरानें अश्वत्थाम्याविषयीं जें वाक्य उच्चारलें, त्याचा पूर्वार्ध मोठ्यानें होता आणि उत्तरार्ध पुटपुटलेला. वाक्य पूर्ण होतें, प्रत्येक शब्द खरा होता. तरी त्याचा रथ जमिनीस टेकला. व्याप्ति पुटपुटून मधला आंकडा मोठ्यानें सांगणें याच जातीचें आहे, असें आम्हांस वाटतें.

यावर व्यवहारी माणसांचा एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. ते म्हणतात: सरकारास व लोकांस एकच आंकडा समजतो. तीन हजार कीं चार हजार हें तुम्हांसच ठाऊक नाहीं असें कबूल केलें, तर ज्यांना अरण्यांतून खाण काढावयाची आहे किंवा रस्ता न्यावयाचा आहे, ते तुमच्या या कबुलीचेंच शस्त्र करतील. आपलें साध्य चांगलें असतां असत्य न बोलतां थोडा ठामपणा आणला तर काय बिघडलें? आमचें उत्तर असें कीं, जो ठामपणा पुराव्यानें दिलेला नाहीं तो उसना असतो, आणि अशा उसन्याची परतफेड नेमकी संकटाच्या वेळीं करावी लागते. सारिस्काचा ठाम आंकडा अरण्याच्या मित्रांनाच झोपवून गेला. शत्रूंना तर वाघ नाहींत हें आधींच माहीत होतें. शिवाय संरक्षणाचा निर्णय घेण्यास नेमकी एकंदर संख्या लागतेच असें नाहीं. गिधाडांची हकीकत याचा पुरावा आहे. आपल्या मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या अभ्यासकांनीं भरतपूर येथें गिधाडें कमी होत असल्याचें टिपलें. पुढें देशभर त्याच त्याच रस्त्यांवरून पुन्हां पुन्हां जाऊन पक्षी मोजण्यांत आले. देशांत एकंदर गिधाडें किती, हें या मोजणीनें सांगितलें नाहीं. पण त्याच वाटेवर, त्याच रीतीनें १९९२ सालीं दिसलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं २००७ पर्यंत हजारांत एक उरलें, एवढें तिनें सांगितलें. गुरांना दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटीं जाऊन त्यांना मारतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें आणि २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. जेवढें माहीत होतें तेवढेंच सांगितलें गेलें, आणि तेवढें पुरलें.

दुसरा आक्षेप अगदीं उलट दिशेनें येतो. कांहीं सहृदय लोक म्हणतात कीं, जिवंत प्राण्याला आंकड्यांत बसविणें हाच मुळीं त्याचा अपमान आहे. वाघ हा वाघ आहे, तो ३६८२ मधील एक नव्हे. या भावनेंत सत्य आहे, आणि केवळ बेरजेवर समाधान मानणाऱ्या मनास ती चांगला लगाम घालते. परंतु खुणेच्या रीतीकडे नीट पाहिल्यास हा आक्षेप बराच शिथिल होतो. समूहाचा अंदाज करावयाचा तर व्यक्तीची ओळख पटावी लागते. या वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टा असा आणि त्याचा तसा, हें टिपल्यावांचून पुढचा हिशेब चालतच नाहीं. जेथें एक वाघ दुसऱ्यासारखाच मानला, तेथें गणना फसली. आणि जे पंधरा वाघ कोणासहि दिसले नाहींत, त्यांचेंहि अस्तित्व हीच रीति मान्य करावयास लावते. जें दिसत नाहीं तें नाहीं, असें समजून चालणाऱ्या सत्तेपुढें न दिसणाऱ्यांची बाजू मांडणारें हें गणित आहे. त्यास निर्दय म्हणणें बरोबर होणार नाहीं.

तात्पर्य, अंदाज आणि असत्य यांच्यामधील भेद नेमकेपणाचा नाहीं. नेमका आंकडा खोटा असूं शकतो, आणि सैल आंकडा खरा असूं शकतो. भेद आहे तो हा कीं, सांगणारा आपण काय पाहिलें, काय धरून चाललों, आणि कितपत चुकूं शकतों हें आंकड्याबरोबर देतो कीं दडवितो. जो तरुण आज हातांत वही घेऊन रानांत शिरतो, त्यास दिसलेलें टिपावयास शिकविणारे पुष्कळ भेटतील. न दिसलेल्याचा हिशेब ठेवण्यास, आणि वर्षाच्या शेवटीं वरिष्ठांपुढें 'तेवीस' न म्हणतां 'पंधरा ते एकतीस' असें म्हणण्यास त्यास कोणी शिकविलें पाहिजे. आणि असें उत्तर घेऊन येणाऱ्याची बढती रोखावयाची नाहीं, हें त्याच्या वरिष्ठांनींहि शिकलें पाहिजे. या दोन गोष्टींपैकीं दुसरी अधिक कठीण आहे. ती जोंवर होत नाहीं, तोंवर कॅमेरे कितीहि लाविले, तरी एखाद्या अरण्यांत शेवटचा वाघ मरून गेल्यावरहि दप्तरांत तो बराच काळ जिवंत राहण्याचें भय कायम आहे.